बडोद्याच्या गच्चीवर घरगुती व्ही-डायपोल: पावसाळा आणि उत्तरायण निभावल्यानंतर

हवामान उपग्रहांची चित्रं थेट आकाशातून घेण्यासाठी घरी बनवलेला अँटेना गेल्या उन्हाळ्यापासून दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: अँटेना स्वस्त आहे, चालतो आणि टिकतोही. डोकेदुखी आहे ती भलतीकडेच.

बनावट अगदी साधी. ॲल्युमिनियमच्या ५३.४ सें.मी.च्या दोन सळ्या, इलेक्ट्रिशियन वापरतात त्या कनेक्टर पट्टीत कसलेल्या, मध्ये १२० अंशांचा कोन. केबलची मधली तार एका सळीला, बाहेरची जाळी दुसरीला. सळ्या आडव्या, व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, कारण हे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. त्यांच्या १३७ मेगाहर्ट्झच्या सिग्नलची लहर साधारण २.२ मीटर लांब. सळी तिच्या पाव भागाएवढी. डिशची जुनी केबल माळ्यावर पडून होती, तीच लावली. ७५ ओहमची म्हणून जाणकार नाक मुरडतात, पण नुसता सिग्नल घ्यायचाच असेल तर त्यानं काही अडत नाही. खरा खर्च आरटीएल-एसडीआर डाँगलचा, म्हणजे लॅपटॉपला लावायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरचा. सिग्नलचं चित्र करणारं सॅटडंप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

जुने व्हिडिओ पाहून उत्साहात सळ्या कापायला घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ऐकावी. त्या व्हिडिओंतले अमेरिकेचे नोआ उपग्रह आता नाहीत. नोआ-१८ जून २०२५ मध्ये बंद केला, १९ आणि १५ त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. १५ तर १९९८ पासून वर होता! सेकंदाला दोन ओळी, त्या टिकटिकीबरोबर चित्र पडद्यावर खाली सरकत यायचं; ती मजा मला शेवटचे काही आठवडे तरी मिळाली. आता या अँटेनावर उरलेत ते रशियाचे मेटिऑर-एम एन२-३ आणि एन२-४, बहुतेक १३७.९ मेगाहर्ट्झवर, कधी १३७.१ वर.

चित्र नोआपेक्षा कितीतरी सरस: तिथे एक ठिपका चार किलोमीटरचा, इथे एकाचा. पण डिजिटलचा स्वभाव निराळा. नोआचा सिग्नल कमी झाला की चित्रावर मुंग्या यायच्या, तरी ढग ओळखू यायचे. मेटिऑरचा कमी झाला की सरळ काळा पट्टा. कानाला नुसती खरखर ऐकू येते, तिच्यावरून काही कळत नाही. पडद्यावर ठिपक्यांचे चार ढीग वेगवेगळे झाले की समजायचं, सिग्नल आला. त्यात एन२-३ चा अँटेना अंतराळात नीट उघडला नाही असं मानतात, आणि त्याचा पास (आकाशातून जाणारी एक फेरी) मध्येच ढेपाळतो खरा. एन२-४ जास्त भरवशाचा.

आता डोकेदुखी. ती अँटेनात नसून आसपासच्या एलईडी दिव्यांत आणि चार्जरांत आहे. जिन्यातला स्वस्त बल्ब लागला की पडद्यावर सगळीकडे खरखर फुगायची. मीटरजवळचा मेन स्विच पाडून लॅपटॉप बॅटरीवर चालवला तेव्हा चोर सापडला. शेजारच्या सोलर इन्व्हर्टरचं काय करणार? तिथे काकांना सांगणार तरी काय, “तुमच्या वीजबिलामुळे माझे ढग दिसत नाहीत”? शेवटी अँटेना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेला. त्या चार-पाच मीटरांनी जेवढा फरक पडला, तेवढा फिल्टरवाल्या ॲम्प्लिफायरनेही पडला नाही. म्हणून त्यावर पैसे घालण्याआधी जागा बदलून बघा.

पावसाळ्यात चित्रभर पांढरंच असतं, पण रात्रीच्या अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) चित्रात उंच, थंड ढग वेगळे उठून दिसतात. मला जास्त आवडतात ती हिवाळ्यातल्या सकाळची चित्रं. खंभातच्या आखाताचं पाणी वरच्या टोकाला गढूळ, फिकट. खाली उतरेल तसं काळं होत जातं. मही, नर्मदा, तापी यांचा गाळ आणि भरती-ओहोटीची घुसळण असं एका नजरेत दिसतं. कच्छचं पांढरं रण पहिल्यांदा ढगच वाटतं. दुसऱ्या दिवशीच्या चित्रातही ते जागचं हललेलं नसतं, आणि अवरक्तमध्ये थंडही नसतं, तेव्हा खात्री पटते.

टिकण्याबद्दल: सळ्यांना काही झालेलं नाही. पाणी शिरतं ते पट्टीजवळच्या केबलच्या तोंडातून, आणि जाळीतून थेट खाली उतरतं. तिथे एमसील दाबून भरा, आणि केबल खाली येण्याआधी तिला एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, मात्र अँटेना उतरवूनच ठेवावा. मांजा सळीला अडकतो, पतंगवाला ओढतो आणि कोन १२० चा ९० होतो. शिवाय पोरं गच्चीवर चढतात ती वेगळीच.

डोक्यावरून जाणारा पास चांगला पंधरा मिनिटांपर्यंत चालतो, तेवढ्यात व्ही-डायपोल पुरून उरतो. क्षितिजाजवळचे पास आमच्या पूर्वेच्या इमारती गिळतात, आणि क्यूएफएच (पिळलेल्या वेटोळ्यांचा अँटेना) बांधला तरी इमारती काही हलणार नाहीत. मोकळं आकाश असलेल्यांनी तो जरूर बांधावा. पोळांत (गुजरातेतल्या दाट जुन्या गल्ल्यांत) किंवा जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना हाच पुरे.