तापाची गन, ऑक्सिमीटर आणि ‘फीवर पॅकेज’: मुलाच्या तापात यातलं कामाचं काय?

कोविड किंवा दुसरा एखादा व्हायरल ताप येऊन गेला, मूल शाळेत जायला लागलं, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा फणफणून ताप आला, की पालकांच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते एमआयएस-सी. कोविड होऊन गेल्यावर साधारण २ ते ६ आठवड्यांनी काही मुलांच्या अंगात दाह उसळतो, तो हा आजार. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी त्याबद्दल पहिला इशारा दिला, आणि मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची व्याख्या ठरवली. ओमिक्रॉननंतर त्याचं प्रमाण पुष्कळ घटलं. पण त्याच्या तोंडवळ्याचा कावासाकी आजार कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे आणि तो आजही लहान मुलांना होतो. दोन्हींत धोका हृदयाला असतो, आणि दोन्हींवर उपचार आहेत, ते वेळेत सुरू व्हायला हवेत इतकंच.

या काळजीवर मेडिकलच्या काउंटरवर आणि मोबाइलवर बरंच काही विकलं जातं. त्यातल्या चार गोष्टींचा हा आढावा: पेनासारखा डिजिटल थर्मामीटर, कपाळावरची इन्फ्रारेड गन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि लॅबचं फीवर पॅकेज. कसोटी एकच ठेवली आहे. ताप सलग कितव्या दिवशी आहे आणि मुलाचा रक्तप्रवाह नीट आहे का, या दोन प्रश्नांना ती वस्तू उत्तर देते का? जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ताप निदान ३ दिवसांचा धरला आहे, कावासाकीत सहसा ५ दिवसांचा. ताप १०१ होता की १०३, यावर निदान ठरत नाही.

डिजिटल थर्मामीटर

दीडशे ते तीनशे रुपयांत मिळतो. हिक्स, ओम्रॉन, डॉ. मोरपेन यांपैकी कुठलाही चालेल. पाच वर्षांखालच्या मुलासाठी लवचिक टोकाचा घ्या, चुळबुळ झाली तरी टोचत नाही. छापील किंमत पाहून बिचकू नका, दोन दुकानांत विचारा. या उपकरणांवर मधल्या मध्ये इतका नफा लावला जात होता की जुलै २०२१ मध्ये सरकारला त्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली.

सगळ्यात मोठा घोळ बीपचा. तापमान चढायचं जवळपास थांबलं की यंत्र बीप देतं, पण काखेतली त्वचा हळू तापते, त्यामुळे बीप बऱ्याचदा लवकर वाजतो. ६० सेकंदांत ९९.२ दाखवणारा तोच थर्मामीटर चार मिनिटांनी १००.६ दाखवू शकतो. तेव्हा काखेतला घाम पुसा, टोक थेट खळग्यात कातडीला लागेल असं ठेवा (बनियनवर नाही), दंड छातीशी दाबून धरा आणि बीप वाजला तरी एकूण ४ ते ५ मिनिटं काढू नका. आंघोळ किंवा अंग पुसणं झाल्यावर अर्धा तास थांबा.

काखेतलं माप शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडं कमी येतं. म्हणून घरोघरी ‘एक मिळवायचा’ असतो. पण आई मिळवते, बाबा मिळवत नाहीत, आजी अंदाजानं सांगते, आणि डॉक्टरांपुढे तीन वेगळे ताप जातात. काहीही मिळवू नका. आकडा दिसला तसा लिहा आणि शेजारी ‘काख’ लिहा. १००.४ फॅरेनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस. बहुतेक ठिकाणी ताप इथून मोजतात. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा वर असेल, तर पुढची मोजामोज न करता दवाखाना गाठा.

स्क्रीनवर अचानक ३८.६ असा आकडा आला तर थर्मामीटर बिघडलेला नसतो, तो सेल्सिअसवर गेलेला असतो. बऱ्याच मॉडेलांत बटण दाबून धरलं की एकक बदलतं. अक्षरं फिकट दिसू लागली की सेल बदला. बहुतेकांत एलआर४१ हा बटनसेल लागतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. जुना सेल लगेच टाकून द्या, लहान मुलं तो गिळतात. टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, उकळत्या पाण्यात घालू नका.

आमच्या मते या चारांतली सर्वांत कामाची वस्तू हीच, पण सोबत वही हवी. तापाचा पहिला दिवस म्हणजे दिवस १. रोज चार वेळा: वेळ, आकडा, औषध कुठलं आणि किती मिली, लघवी कितीदा झाली, आणि अंगावर काय दिसलं. पॅरासिटामॉल देऊन तास-दीड तासानं मोजलेल्या ९९ ला ‘ताप उतरला’ लिहिलं की दिवसांची गणती चुकते. औषध देण्याआधीचा आकडाच महत्त्वाचा. पुरळ संध्याकाळपर्यंत मावळतं, म्हणून खिडकीच्या उजेडात फोटो काढून ठेवा. जिभेचा आणि ओठांचाही काढा.

कपाळावरची गन

हजार ते दोन हजार रुपये, एका सेकंदात आकडा, मूल झोपलेलं असलं तरी काम होतं. रात्री ‘ताप आहे का’ एवढंच बघायचं असेल तर सोयीची. पण ती मोजते कपाळाच्या त्वचेची उष्णता, आणि आपल्याकडे ताप आला की पहिलं काम होतं कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायचं. पट्टी उचलून गन लावली की पट्टीचाच थंडावा मोजला जातो. पंखा, एसी, घाम, तेल, सगळ्यांनी आकडा खाली येतो. कपाळ कोरडं करून पंधरा मिनिटं थांबा, आणि अंतर पुस्तिकेत दिलंय तेवढंच ठेवा, बहुधा ३ ते ५ सेंमी.

९४-९५ असा विचित्र आकडा येत असेल तर गन बहुतेक ‘सरफेस’ मोडवर आहे. दुधाची बाटली मोजण्यासाठी तो असतो, तापासाठी ‘बॉडी’ मोड लावा. भिंगावर बोटाचा ठसा असेल तर कापसाच्या काडीनं हलकेच पुसा.

या दोन आजारांत गनेची खरी अडचण वेगळी आहे. मूल शॉककडे झुकू लागलं, म्हणजे रक्तदाब आणि रक्तप्रवाह ढासळू लागला, की कातडीकडचं रक्त कमी होतं आणि कपाळ थंड लागतं. गन तेव्हा नॉर्मल दाखवेल, नेमकं तेव्हा मूल सर्वांत आजारी असेल. गनचा आकडा आणि मुलाचा चेहरा जुळत नसेल तर काखेत मोजा, आणि चेहऱ्यावर विश्वास ठेवा.

कानातला थर्मामीटर बरा, पण महाग. सहा महिन्यांखाली नको, मळ असला तर चुकतो, आणि मूल ज्या कुशीवर झोपलंय तो कान तापलेला असतो. काचेचा पाऱ्याचा असेल तर आता बदलाच.

ऑक्सिमीटर

कोविडच्या लाटांमध्ये घराघरांत आला आणि ड्रॉवरमध्ये राहिला. आता मुलाला ताप आला की बाहेर निघतो, ९८ दाखवतो, आणि घर निश्चिंत होतं. निश्चिंत व्हायचं कारण नाही. मोठ्यांच्या कोविडमध्ये फुप्फुसं बिघडायची, म्हणून ऑक्सिजन मोजण्याला अर्थ होता. एमआयएस-सीमध्ये आधी पोट आणि हृदय बोलतं. पोटदुखी इतकी तीव्र असू शकते की अपेंडिक्सची शंका यावी. उलट्या-जुलाब होतात, रक्तदाब उतरतो. ऑक्सिजन ९८ आणि मूल शॉकमध्ये, हे एकाच वेळी शक्य आहे.

मोठ्यांची क्लिप लहान बोटावर सैल बसते, बाजूनं उजेड शिरतो आणि आकडा कधी ८८, कधी ९७ असा उड्या मारतो. अंगठा वापरा, तान्ह्या मुलाला पायाचा अंगठा, किंवा लहानांसाठीचा वेगळा प्रोब. नखावर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको. हात गार असेल तर चोळून गरम करा, हात हलू देऊ नका, आणि नाडीची लाट एकसारखी दिसायला लागल्यावरच आकडा लिहा.

मात्र त्याच स्क्रीनवरचा दुसरा आकडा, नाडीचा, सहसा कुणी वाचत नाही, आणि इथे तोच जास्त कामाचा. जागं आणि शांत असताना १-२ वर्षांच्या मुलाची नाडी साधारण ९८ ते १४०, ३ ते ५ वर्षांच्या मुलाची ८० ते १२०, ६ ते ११ वर्षांच्या मुलाची ७५ ते ११८ असते. ताप एक अंश सेल्सिअस चढला की नाडी दहाएक ठोक्यांनी वाढते, त्यात नवल नाही. ताप उतरला, मूल शांत झोपलं, तरी नाडी पळतच असेल, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

आणि ऑक्सिमीटर नसेल तर अडत नाही. मुलाच्या छातीच्या मधल्या हाडावर बोटानं ५ सेकंद दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठसा २ सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. सावळ्या कातडीवर हे कळत नसेल तर नख दाबून बघा. ३ सेकंदांहून जास्त वेळ लागतोय, हातपाय गार आहेत, मूल ग्लानीत आहे, आठ-दहा तासांत लघवी नाही, श्वास भराभर चालतोय, पोट असह्य दुखतंय किंवा अंगावर जाळीसारखे निळसर डाग दिसतायत, तर यातलं एकही लक्षण पुरे आहे. लॅबची वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा मुलांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा.

फीवर पॅकेज

घरी येऊन रक्त नेतात, संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. सोय उत्तम, पण पॅकेज बनवताना पावसाळ्यातला मोठ्या माणसाचा ताप डोळ्यांपुढे असतो: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरिया, डेंगीचं एनएस१, टायफॉइडसाठीची विडाल, लघवी. आपल्या प्रश्नासाठी सगळ्यात हवा तो सीआरपी, म्हणजे अंगात दाह किती आहे ते सांगणारा रक्तातला आकडा, आणि कित्येक पॅकेजमध्ये नेमका तोच नसतो. बुक करताना विचारून घ्या. विडालचे पैसे वाचवता आले तर वाचवा: पहिल्या आठवड्यात ती फारसं काही सांगत नाही, आणि जुन्या संसर्गानंही पॉझिटिव्ह येते. ‘कोविड अँटीबॉडी’ जोडून देणारी पॅकेजं तर टाळाच. संसर्ग किंवा लस यामुळे आता बहुतेकांत अँटीबॉडी सापडतात, पॉझिटिव्ह रिपोर्टनं भीती वाढते, निदान पुढे सरकत नाही.

सीआरपी वाचताना एकक बघा. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेची एमआयएस-सीची २०२३ पासूनची व्याख्या डेसिलिटरमागे ३ मिलिग्रॅम म्हणते. आपल्या लॅब बहुधा लिटरमागे लिहितात, तिथे तोच आकडा ३० होतो. लिटरमधला १२ वाचून कुणी घाबरतो, तर डेसिलिटरमधला १२ कुणी हलक्यात घेतो. शिवाय दाह सुरू झाल्यावर सीआरपी चढायला काही तास जातात, पहिल्याच संध्याकाळचा नॉर्मल रिपोर्ट तिसऱ्या दिवशी कामाचा नसतो. आणि वाढलेला सीआरपी म्हणजे एमआयएस-सी असंही नाही, साध्या बॅक्टेरियाच्या संसर्गातही तो शंभरच्या वर जातो.

प्लेटलेटचं वेड वेगळंच. लहान मुलाची शीर सापडत नाही, रक्त थेंबथेंब येतं, नळीत गुठळी होते आणि मशीन प्लेटलेट ६०,००० सांगतं. रिपोर्टखाली ‘क्लम्प्स’ (प्लेटलेटचे पुंजके) असा शेरा आहे का बघा, आणि स्लाइडवर मोजून द्यायला सांगा. प्लेटलेट डेंगीतही उतरतात आणि एमआयएस-सीमध्येही उतरू शकतात, पण डेंगीत सीआरपी सहसा फारसा चढत नाही. कावासाकीत उलट, दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट वर जातात.

काही गोष्टी कुठल्याच पॅकेजमध्ये येत नाहीत, कारण त्या डोळ्यांनी बघायच्या असतात. दोन्ही डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालभडक आणि दाणेदार, तळहात-तळपाय सुजलेले, मानेत गाठ. दंडावरचा बीसीजीचा जुना व्रण एकाएकी लाल होऊन सुजला तर कावासाकीची दाट शंका घेतात. काखा, जांघा आणि केसांच्या कडेला सिगारेटनं चटका दिल्यासारखी काळी खपली असेल तर ती स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किडा चावून येणाऱ्या तापाची, असू शकते. विदर्भात २०१८ मध्ये त्याची मोठी साथ येऊन गेली. त्याचं औषध अगदी स्वस्त आहे, आणि विडालवर अडून बसल्यामुळे ते उशिरा सुरू होतं.

म्हणून तापाच्या पहिल्या दिवशी पॅकेज नको. तिसऱ्या दिवशी वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, चाचण्या ते लिहून देतील. शंका खरी वाटली तर फेरिटिन, डी-डायमर या रक्ताच्या चाचण्या आणि हृदयाचा टू-डी इको लागतो, आणि त्याची सोय रुग्णालयातच. कावासाकी ठरला तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी) शिरेतून सावकाश देतात. एमआयएस-सीमध्ये त्यासोबत स्टेरॉइडही बहुधा लागतं. बाटल्या महाग असतात, तेव्हा विम्याची कागदपत्रं आणि मुलाचं ताजं वजन जाताना जवळ ठेवा. इम्युनोग्लोब्युलिनचा हा डोस मिळालेल्या मुलाची गोवर-गालगुंडाची आणि कांजिण्यांची लस साधारण ११ महिने पुढे ढकलतात, डिस्चार्जच्या वेळी लसीकरणाच्या कार्डावर ते लिहून घ्या.

जाता जाता, सिरपच्या झाकणाऐवजी तोंडानं औषध द्यायची १० मिलीची सिरिंज घ्या. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागतात: ५ मिलीत १२५ वाल्या सिरपचे साधारण ७ मिली, २५० वाल्याचे साधारण साडेतीन मिली, आणि मिलीत १०० वाल्या ड्रॉप्सचे १.८ मिली. तिन्ही बाटल्यांची खोकी एकसारखीच दिसतात, आणि ड्रॉप्स १२५ वाल्या सिरपच्या मापानं दिले तर डोस चौपट होतो. डेंगीची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन नको, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ॲस्पिरिन कधीच नको, कावासाकीत ते देतात असं कुठे वाचलं असलं तरी.