ब्याण्णव हजारांची नोंद

मागच्या आठवड्यात हिंगणा एमआयडीसीतल्या एका मित्राने व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. खाली विचारलं होतं, "हे तुमचंच ना भाऊ? काम बरं करतात का हे लोक? मलाही रोज फोन करून राहिले." विकिपीडियाचं पान होतं. वर आमच्या कंपनीचं नाव, उजवीकडे आमच्या शेडचा फोटो. विकिपीडियावर पान चढवून देतो म्हणत ज्या एजन्सीने मला बुडवलं, तीच आता माझं पान नमुना म्हणून दाखवत गिऱ्हाईक शोधतेय. ते पान फेब्रुवारीतच काढून टाकलं गेलंय, हे अर्थातच स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही.

मित्राला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, लिहून काढ, बाकीचे तरी वाचतील. म्हणून हे लिहितोय. स्वतःचा मूर्खपणा सांगायचा म्हटलं की हात जड होतो, पण राजेहो, आज माझा नंबर लागला, उद्या तुमचा लागेल.

आमचा धंदा कूलरचा. वडिलांनी १९८४ साली इतवारीत एका गाळ्यात पत्रा कापून सुरू केला. नागपुरात कूलरवाल्याला मार्च ते जून मरायला फुरसत नसते आणि दसऱ्यानंतर कुत्रं विचारत नाही. दिवाळी ते फेब्रुवारी आम्ही टाक्या, जाळ्या, बॉड्या बनवून गोडाऊन भरतो. हात कामात असतात, डोकं रिकामं असतं. नेमका त्याच दिवसांत, नोव्हेंबरात, फोन आला.

"सर, एवढा जुना ब्रँड आणि विकिपीडियावर नाही?" पोरगा गोड बोलणारा होता. दिल्लीच्या, अहमदाबादच्या मोठ्या कूलर कंपन्यांची पानं त्याने स्क्रीनवर दाखवली. रायपूर-जबलपूरचे डीलर आधी गुगलवर नाव टाकून बघतात, म्हणाला. आम्ही विकिपीडियाचे अधिकृत पार्टनर आहोत, म्हणाला. पान एकदा चढलं की जन्मभराची गॅरंटी. पॅकेज पंचेचाळीस हजार, अर्धे आधी. मी घासाघीस करून 'अर्धे'चे वीस हजार केले आणि मोठा व्यवहारी असल्यासारखा खूश झालो.

यूपीआय करताना बायको बाजूलाच होती. "अहो, पैसे कंपनीला पाठवताय ना? नाव तर कोण्या बाईचं दिसतंय." मी म्हटलं, त्यांच्या अकाउंट्सवालीचं असेल. जीएसटी बिल मागितलं तर "शेवटी एकत्रच देऊ सर." ते शेवटी कधी आलंच नाही.

मजकूर मीच लिहून दिला, आणि ते मला नाकारता येणार नाही. 'विदर्भातील अग्रगण्य', 'तीन पिढ्यांच्या विश्वासाचे नाव', 'दूरदर्शी नेतृत्वाखाली गुणवत्तेची परंपरा'. दूरदर्शी नेतृत्व म्हणजे मी. रात्री अकरा वाजता चष्मा लावून स्वतःबद्दल असं लिहिताना जरासुद्धा हसू आलं नाही, याचं आता नवल वाटतं.

पंधरा दिवसांनी पोरगा म्हणाला, मसुदा परत आला, 'रेफरन्स', म्हणजे दुसरीकडे छापून आलेले दाखले, कमी पडताहेत. त्यासाठी वेगळं पॅकेज, छत्तीस हजार. त्यात सहा वेबसाइटवर आमच्याबद्दल 'बातम्या' येणार. आल्याही. सहाही ठिकाणी तोच मजकूर, शब्द इकडचे तिकडे. तळाशी बारीक अक्षरात छापलेलं, की या मजकुराशी संपादकीय विभागाचा संबंध नाही. ती ओळ मी वाचली नव्हती, कारण वर माझा फोटो होता.

जानेवारीत इंग्रजी विकिपीडियावर पान चढलं. पंचवीस हजार दिले. गुगलवर मात्र ते काही दिसेना. विचारलं तर 'इंडेक्सिंग'चे सहा हजार वेगळे. तेही दिले. शिवाय पानावर कुणी छेडछाड करू नये म्हणून राखणीचे महिन्याला अडीच हजार, दोन महिने. बेरीज ब्याण्णव हजार. तेवढ्यात सीझनचं रेटकार्ड छापायला चाललं होतं, त्यावर विकिपीडियाचा क्यूआर कोड टाकला. दोन हजार कार्डं.

फेब्रुवारीच्या मध्यात एक मेल आला. पाठवणारा स्वतःला विकिपीडियाचा 'सीनियर ॲडमिन' म्हणवत होता, मेल मात्र साध्या जीमेलवरून. तुमचं पान धोक्यात आहे, वाचवायचं तर चाळीस हजार. मी तो एजन्सीच्या पोराला पाठवला. तो लगेच म्हणाला, "सर, देऊन टाका, हे वरचे लोक असतात." आमच्या धंद्यात 'वरचे लोक' हा शब्द मला चांगला कळतो. पहिल्यांदा पाल चुकचुकली.

माझी पुतणी धरमपेठेत राहते. ग्रंथालयशास्त्र शिकलेली आहे आणि मराठी विकिपीडियावर अधूनमधून लिहिते. हे मला ठाऊक होतं, पण तिला आधी विचारावं असं सुचलं नाही. तिने लॅपटॉप उघडला आणि तासाभरात माझी सगळी उत्तरपत्रिका तपासून टाकली.

"काका, सगळ्यात आधी सांगा, विकिपीडियाला पैसे कशाचे दिले?"

विकिपीडिया २००१ साली सुरू झाला, मराठीतला १ मे २००३ ला. तो चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था सॅन फ्रान्सिस्कोची. नोंदी लिहितात ते बहुतेक स्वयंसेवक. नोंद ठेवण्याचे, वाचवण्याचे, परत आणण्याचे पैसे तिथे घेतलेच जात नाहीत. अधिकृत पार्टनर एजन्सी म्हणून काही प्रकारच नाही. नव्या माणसाला मसुदा तपासणीसाठी टाकायची सोय आहे, तीही फुकट. म्हणजे माझा तो 'परत आलेला' मसुदा मी स्वतः टाकला असता तरी फुकटातच परत आला असता.

मग तिने पानाचा इतिहास उघडला. तिथे प्रत्येक बदल कुणी, कधी केला ते कायम राहतं. आमचं पान चढवणारं खातं जेमतेम आठवडाभर जुनं. इंग्रजीत थेट नवी नोंद टाकायला खातं चार दिवसांचं आणि दहा बदलांचं असावं लागतं. या गड्याने दहा निरनिराळ्या लेखांत एकेक स्वल्पविराम टाकला होता. कुठे माशाच्या जातीवर, कुठे कुठल्या रेल्वे स्टेशनावर. अकरावा बदल म्हणजे आमची कंपनी. पंचवीस हजारांचं कौशल्य ते हेच.

गुगलवर न दिसण्याचंही कारण निघालं. नवी नोंद कुणी जुन्या जाणत्या संपादकाने तपासेपर्यंत, नाहीतर नव्वद दिवस होईपर्यंत, सर्च इंजिनांना दाखवली जात नाही. सहा हजारांनी त्यात काडीचा फरक पडत नव्हता. आणि विकिपीडियावरून आपल्या वेबसाइटला लिंक दिली की गुगलमध्ये वर येतो, हे जे पोराने सांगितलं होतं, त्याला उत्तर म्हणून तिथल्या बाहेरच्या लिंकवर २००७ पासूनच सर्च इंजिनांसाठी 'ही लिंक धरू नका' अशी खूण असते.

पानाच्या डोक्यावर दोन पाट्या लागल्या होत्या. मजकूर जाहिरातीसारखा आहे, आणि पैसे घेऊन न सांगता लिहिल्याचा संशय आहे. त्याखाली वगळण्याच्या चर्चेची लिंक. अशी चर्चा साधारण सात दिवस चालते. आमचा पाचवा होता. तिथे तीन नवी खाती येऊन "खूप प्रसिद्ध ब्रँड, पान ठेवा" म्हणून गेली होती. एजन्सीचीच पिलावळ. तिथे डोकी मोजत नाहीत, मुद्दा बघतात, आणि ती तिन्ही खाती एकाच माणसाची म्हणून बंद झाली होती.

दरम्यान एका संपादकाने पान छाटून ठेवलं होतं. अग्रगण्य गेलं, विश्वास गेला, दूरदर्शी नेतृत्व गेलं. उरलं ते एवढंच, की ही नागपूर येथील एअर कूलर बनवणारी कंपनी असून तिची स्थापना १९८४ साली झाली. मला राग आला. म्हटलं, चाळीस वर्षांची कमाई एका ओळीत?

"काका, खरं तेवढंच आहे," ती म्हणाली. "बाकी तुमचं मत आहे. कंपनीचं पान कंपनीचं नसतं. दुसऱ्यांनी तुमच्याबद्दल काय नोंदवून ठेवलंय, त्याचं ते पान असतं. चांगलंही, वाईटही."

मग तिने विचारलं, पैसे न देता, तुम्ही न सांगता, कुणी सविस्तर लिहिलंय का तुमच्यावर? मी कात्रणांची फाईल काढली. वर्धापनदिनाची पुरवणी होती, तिची जाहिरात आम्हीच दिलेली. शोरूमच्या उद्घाटनाची चार ओळींची बातमी, फोटो आम्हीच पाठवलेला. डीलर मेळाव्याचं तसंच. शेवटी तळाशी एक घडी घातलेलं कात्रण निघालं, २०१२ चं. ग्राहक मंचाने आमच्याविरुद्ध दिलेल्या निकालाचं. बावीस गेजचा पत्रा सांगून आम्ही चोवीसचा लावला होता, गेज वाढला की पत्रा पातळ होतो. एका सीझनमध्ये टाकी गंजून गळायला लागली. गिऱ्हाइकाने दाद मागितली, आम्ही हरलो, कूलर बदलून वर भरपाई दिली. बातमीदाराने गिऱ्हाइकालाही विचारलं होतं, मलाही विचारलं होतं, निकालही वाचला होता.

पूर्ण फाईलमध्ये स्वतंत्र म्हणावं असं ते एकच कात्रण होतं.

पुतणी काही बोलली नाही. मी म्हटलं, "म्हणजे पान टिकलं असतं तर हे त्यात आलं असतं?" ती म्हणाली, "आलं असतं तर काढायला कुणाला सांगणार होता? अडीच हजारवाल्याला?" आणि मग, चहा घेता घेता, तिने केतकरांचं उदाहरण दिलं. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, तेही मर्यादित कंपनी काढून, आणि ती कंपनी नागपूरची. "त्यांनी गावोगाव फिरून शेअर विकले, वर्गणीदार केले. नोंदी नाही विकल्या." मला हे नागपुरात राहून माहीत नव्हतं.

सातव्या दिवशी पान गेलं. त्यासोबत त्यांनी 'फ्री' म्हणून मराठीत टाकलेलंही उडालं. ते बरंच झालं, कारण त्यात डेझर्ट कूलरला 'वाळवंटी शीतक' केलं होतं. वाळवंटी शीतक मागायला इतवारीत कोण येणार?

पोराचा फोन आधी 'मीटिंगमध्ये', मग बंद. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर तक्रार केली, पोर्टलवरही टाकली. तक्रार क्रमांक मिळाला, पण पहिला हप्ता जाऊन तीन महिने झाले होते. हा नंबर पैसे गेल्या-गेल्या लावायचा असतो, ते पुढच्या खात्यात सरकायच्या आत.

या धंद्याची रीत जुनी आहे, हेही नंतर कळलं. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने एकाच टोळीची ३८१ खाती बंद केली आणि दोनशेवर पानं काढली. ते लोक नाकारलेल्या मसुद्यांवर नजर ठेवायचे, त्या कंपनीला गाठायचे, पैसे घेऊन पान चढवायचे आणि मग राखणीचे महिनेवारी पैसे मागायचे. मसुदे आणि चर्चा सगळ्यांना उघड दिसतात, त्यामुळे तुमचं काय अडलंय हे कुणालाही कळतं. माझा तो 'सीनियर ॲडमिन' कदाचित एजन्सीतलाच असेल, कदाचित आमची चर्चा वाचून आलेला दुसराच कोणी. मला त्यात आता रस नाही.

तुम्हाला फोन आला तर एक गोष्ट विचारा. पैसे घेऊन विकिपीडियावर लिहिणाऱ्याने कुणाकडून, कुणासाठी पैसे घेतले ते जाहीर करायचं, हा नियम तिथल्या वापराच्या अटींत २०१४ पासून आहे. तेव्हा म्हणा, तुझ्या खात्याचं नाव सांग आणि तिथे माझं नाव गिऱ्हाईक म्हणून लिहिलेलं दाखव. फोन आपोआप कट होईल. आणि तुमच्या कंपनीची नोंद आधीच असेल, त्यात साल चुकलं असेल, तर त्या पानाच्या चर्चापानावर मी कंपनीचा माणूस आहे असं सांगून पुराव्यासकट लिहा. कुणीतरी बघतं. वेळ लागतो, पण पैसा लागत नाही.

पान गेल्यावर काय होतं, तेही सांगून ठेवतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात रायपूरच्या डीलरने आमच्या रेटकार्डावरचा क्यूआर मोबाइलवर धरला. पान नव्हतंच. हे पान कधी काढलं, का काढलं, याची नोंद तेवढी होती, आणि त्या चर्चेची लिंक. त्याने ती अख्खी वाचली. मला फोन करून एवढंच म्हणाला, "भाईसाब, ये क्या चक्कर है?" ऑर्डर दिली त्याने, पण मागच्या वर्षीपेक्षा कमी.

दीडएक हजार कार्डं अजून गोडाऊनमध्ये होती. नवी छापायला परत पैसे घालवायचे नव्हते. मग रोज दुकान बंद झाल्यावर मुलगा आणि मी बसून त्या काळ्या चौकोनावर स्टिकर चिकटवत गेलो. स्टिकरवर काय छापायचं, यावर थोडा वाद झाला. मुलाला 'नागपूरची शान' हवं होतं. शेवटी छापलं, 'टाकीचा पत्रा २२ गेज. दुकानात मोजून घ्या.'