चार नंबरची काश्मीर विलो (काश्मीरमधल्या विलो झाडाच्या लाकडाची) बॅट: पालकांनी घेण्याआधी

मुलाची उंची साडेचार फुटांच्या आसपास असेल तर हीच घ्या. ‘दोन वर्षं चालेल’ म्हणून मोठी, सहा नंबरची देऊ नका, कृपा करून! जड बॅट खालच्या हाताने ओढली जाते, सरळ फटका आडवा जातो आणि सर बिचारे मुलाचं तंत्र सुधारत बसतात. दुकानातच फक्त वरच्या हाताने (मुठीवर जो हात वर असतो त्याने) बॅट खांद्याइतकी उचलायला सांगा. मनगट थरथरलं तर हलकी मागा.

तोल छान, ग्रिप घट्ट. टोकाला मात्र रबर नाही, त्यामुळे ओल्या पिचवर लाकूड फुगतं. मुठीचा जोड आणि स्टिकर सोडून कच्च्या जवस तेलाचे दोन पातळ हात द्या, रात्रभर आडवी ठेवा. मग लाकडी हातोडीने पातं नि कडा हळूहळू ठोका. लेदर बॉल त्यानंतरच.