फोर बाय फोरची बॅटरी बदलताना: आधी पकड, मग अँपिअर

थार, बोलेरो किंवा गुरखाची बॅटरी बदलायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती अँपिअरची देऊ?" डांबरी रस्त्यावरच्या गाडीला हा प्रश्न ठीक आहे. घाटातल्या दगडगोट्यांत, नदीपात्रात आणि पावसाळी चिखलात फिरणाऱ्या गाडीला तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. अशा गाडीची बॅटरी क्षमता कमी पडून क्वचितच मरते. ती हादऱ्याने मरते, नाहीतर बॉनेटखालच्या उष्णतेने. त्यामुळे ट्रेमध्ये ती किती घट्ट बसते आणि आतल्या प्लेट किती घट्ट बसवलेल्या आहेत, हे आधी बघायचं.

हादऱ्याने नेमकं काय होतं? प्लेटच्या जाळीवर शिशाच्या संयुगाचा लेप असतो. सतत आपटण्याने तो सुटतो आणि गाळ होऊन तळाशी साचतो. हा गाळ प्लेटांमध्ये पूल बांधतो, किंवा प्लेटांना जोडणारी शिशाची पट्टी तडकते, आणि तो सेल जातो. १२ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे ६ सेल असतात. रात्रभर चार्जिंगला लावूनही मीटर १०.५ च्या आसपास अडकलेलं असेल, तर एक सेल शॉर्ट झालेला आहे. त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवू नये.

पण दोष बॅटरीचाच आहे का, हे पैसे मोजण्याआधी तपासा. साधं डिजिटल मल्टिमीटर पुरतं. गाडी पाच-सहा तास उभी राहिल्यावर टर्मिनलवर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. भरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरलं तर ती थकली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. बीएस-६ गाड्यांत ईसीयू (इंजिनचा संगणक) अल्टरनेटरचं, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्राचं, व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावून मगच आकडा वाचा. आकडा १४.८ च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर बघा, नाहीतर नवी बॅटरीही उकळून जाईल.

आता सगळ्यांत दुर्लक्षित तपासणी. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (केबलच्या क्लॅम्पवर नाही), दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ केबल खराब आहे. चिखलपाण्यात चालणाऱ्या गाड्यांत चासीवरचा अर्थ बोल्ट गंजतो, सेल्फ "कट कट" करतो आणि चांगली बॅटरी भंगारात जाते. तो बोल्ट काढून, पॉलिश पेपरने घासून, पुन्हा आवळायला दहा मिनिटं लागतात.

बॅटरी खरंच गेली असेल तर टेप घेऊन ट्रे मोजा. आपल्याकडे दोन घराणी चालतात. जपानी जेआयएस मापाच्या बॅटरीवर ५५बी२४एल किंवा ८०डी२६आर असा क्रमांक असतो. पहिला आकडा ताकदीची श्रेणी सांगतो. तो अँपिअर-तास (बॅटरीची क्षमता) नाही, दुकानदाराने तसं सांगितलं तरी नाही. अक्षर रुंदी-उंचीचा गट दाखवतं, नंतरचा आकडा सेंटिमीटरमधली लांबी, आणि शेवटचं एल किंवा आर पोलॅरिटी. टर्मिनलची बाजू आपल्याकडे करून उभं राहिल्यावर निगेटिव्ह डावीकडे असेल तर एल. उलटी आणली तर केबल ओढून ताणून लावावी लागते आणि हादऱ्याने ती पत्र्यावर घासते. दुसरं घराणं जर्मन डिनचं: रुंदी १७५ मिलिमीटर, उंची १७५ किंवा १९०, टर्मिनल खाचेत बसलेले.

या दोघांची पकड वेगळी आहे, आणि इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. जेआयएसला वरून पट्टी आणि बाजूंना इंग्रजी 'J' आकाराचे लांब बोल्ट. डिनला तळाशी बाहेर आलेली कड, तिच्यावर एक पाचर बोल्टने आवळलेली. डिनच्या ट्रेमध्ये जेआयएस ठेवली की पाचरेला धरायला काही उरत नाही. मग तिला सायकलच्या ट्यूबने बांधतात. दोन महिन्यांत ट्यूब गरमीने सैल पडते, बॅटरी ट्रेमध्ये नाचते आणि वर्षभरात सेल जातो. त्याहून वाईट म्हणजे उंची. डी गटाच्या जेआयएस बॅटरीची टर्मिनलसह उंची साधारण २२५ मिलिमीटर, म्हणजे डिनपेक्षा ३५ मिलिमीटर किंवा जास्तच. मोठ्या खड्ड्यात बॉनेट लवलं की पॉझिटिव्ह खांब पत्र्याला टेकतो, आणि ती आगीची सुरुवात असते. नवी बॅटरी बसवल्यावर पॉझिटिव्ह टर्मिनलवर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला कणकेचा गोळा ठेवा, बॉनेट लावा, उघडा आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजा. २० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती बॅटरी परत करा. रबरी टोपी घालून हा प्रश्न सुटत नाही.

टर्मिनलच्या जाडीचंही असंच. जाड पॉझिटिव्ह खांब १९.५ मिलिमीटरचा, जाड निगेटिव्ह १७.९ चा असतो. बी२४ मापात पातळ खांबही येतात, त्यांचा पॉझिटिव्ह १४.७ चा. पातळ खांबावर जाडाचा क्लॅम्प लावून मध्ये पत्र्याचा तुकडा ठोकणं ही गॅरेजची नेहमीची पद्धत. हादऱ्याने तो तुकडा हलतो, जोड गरम होतो, खांब वितळतो. शिशाची तयार बाही मिळते, ती वापरा किंवा योग्य खांबाचीच बॅटरी मागा.

आता बाजारात काय घ्यावं याबद्दल.

साधी, झाकणं उघडून पाणी घालायची बॅटरी अजूनही वाईट नाही. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घालता येतो, आणि कुठला सेल मागे पडतोय हे त्याच्याइतकं स्पष्ट काहीच सांगत नाही. दोन सेलच्या घनतेतला फरक ०.०५० च्या वर गेला की दिवस भरले. पण तिरक्या चढावर ॲसिड झिरपतं आणि ट्रे खातं, म्हणून चढ-उतारावर खेळणाऱ्या गाडीला ती नको. शेतावर, वाडीवर ये-जा करणाऱ्या बोलेरोला चालेल.

सीलबंद कॅल्शियमची मेंटेनन्स-फ्री बॅटरी ही आज बहुतेकांची निवड. पाणी कमी उडतं, किंमत आवाक्यात. तिच्यावरच्या हिरव्या डोळ्यावर (चार्ज दाखवणाऱ्या खिडकीवर) मात्र विसंबू नका, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

ईएफबी म्हणजे सुधारलेली ओली बॅटरी. पॉझिटिव्ह प्लेटवर पॉलिएस्टरची जाळी असते, ती लेप धरून ठेवते. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाड्यांसाठी ती बनवली गेली, पण हादऱ्याच्या कामालाही तीच जाळी उपयोगी पडते. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात, बॉनेटखाली, २.२ ते २.५ लिटरच्या डिझेल फोर बाय फोरला आमची पहिली पसंती ईएफबीला आहे. गाडीत स्टार्ट-स्टॉप असेल तर तिच्याखाली उतरूच नका.

एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं आणि प्लेट दाबून बसवलेल्या. हादऱ्याला हीच सर्वांत टिकाऊ, गाडी आडवी झाली तरी सांडत नाही, खोल डिस्चार्ज सोसते. ऑप्टिमाची यलोटॉप डी३४ हे तिचं जगभर ओळखलं जाणारं रूप: गोल गुंडाळलेल्या प्लेट, ५५ अँपिअर-तास, ७५० सीसीए (थंडीत इंजिन फिरवायला मिळणारा करंट, अँपिअरमध्ये). तिचा शत्रू उष्णता. टर्बोच्या शेजारी बसवलेली एजीएम आतून सुकते आणि तिच्यात पाणी घालता येत नाही. किंमत ओल्या बॅटरीच्या दीड-दोन पट. सीटखाली किंवा मागे जागा असेल, विंच (अडकलेली गाडी ओढणारा विजेवरचा रहाट) खरोखर वापरला जात असेल, तर पैसे वसूल होतात. बॉनेटखाली ठेवायचीच असेल तर उष्णतारोधक आवरण हवंच.

लिथियम फॉस्फेट वजनाला निम्म्याहून हलकी, पण बॉनेटखाली नको. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते आणि बऱ्याच बॅटऱ्यांचं संरक्षक सर्किट विंचचा करंट लागताच पुरवठा तोडतं. फ्रिज-दिव्यांसाठी केबिनमधली दुसरी बॅटरी म्हणून, डीसी-डीसी चार्जरसह (गाडी चालू असताना तिला भरणाऱ्या), ती उत्तम.

विंचचा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय अँपिअर ठरवू नका. ९,५०० पौंडांचा विंच पूर्ण भाराला ४०० अँपिअरच्या घरात करंट खातो. म्हणजे एका मिनिटाला जवळजवळ ७ अँपिअर-तास. ७० अँपिअर-तासाची बॅटरी अर्ध्यापर्यंत उतरवायची तर कागदावर पाच मिनिटं मिळतात. प्रत्यक्षात कमी, कारण ७० हा आकडा ३.५ अँपिअरने २० तास या संथ गतीचा आहे. अल्टरनेटर १०० अँपिअरचा असला तरी आयडलिंगला त्याच्या बराच खाली देतो. म्हणून इंजिन चालू ठेवूनच ओढायचं, मिनिटभर ओढून थांबायचं, आणि त्या विश्रांतीत इंजिन १,५०० आरपीएमला धरायचं. ७० ची १०० करण्यापेक्षा ही शिस्त जास्त कामाची. मोठी बॅटरी ट्रेमध्ये बसत नसेल तर ती मुळीच घेऊ नये.

शनिवार-रविवारीच निघणाऱ्या गाडीचा शत्रू वेगळा. ट्रॅकर, डॅशकॅम, अलार्म मिळून ५० मिलिअँपिअर खात असतील तर दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास जातात, म्हणजे अर्धी बॅटरी. १२.४ च्या खाली पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचा कडक थर बसतो. पाच-सहा अँपिअरचा स्वयंचलित चार्जर पंधरा दिवसांतून एक रात्र लावला तरी आयुष्य वाढतं. स्पितीकडे थंडीत निघणाऱ्यांनी तर बॅटरी भरूनच ठेवावी. भरलेलं ॲसिड तिथल्या थंडीत गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीतलं शून्याखाली आठ-दहा अंशांतच गोठतं आणि डबा फुटतो.

एक्साइड, अमरॉन, टाटा ग्रीन, एसएफ सॉनिक यांच्यात फार चिकित्सा करू नका. एसएफ सॉनिक एक्साइडच्याच घरातली. ब्रँडपेक्षा त्या नगाची तारीख महत्त्वाची. तारखेची खूण प्रत्येक कंपनीची वेगळी असते, ती दुकानदाराकडून वाचून घ्या आणि तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर आधी चार्जिंगला लावायला सांगा. मीटर लावल्यावर १२.४ पेक्षा कमी दिसली तर दुसरी मागा. दुकानात सीसीए मोजायचं यंत्र असेल तर त्याच्या पडद्यावरचं मानक बघा: बॅटरीवर ईएन (युरोपीय मानक) छापलेलं असताना यंत्र जेआयएस किंवा डिनवर असेल तर येणारा आकडा निरर्थक. वॉरंटीचे महिने दोन भागांत असतात, आधी मोफत बदली आणि मग प्रो-राटा (उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात सूट). ५५ किंवा ६० हा मोठा आकडा न बघता पहिला भाग किती ते विचारा. विंच लावलेल्या गाडीला वॉरंटी लागू आहे का, हे कार्डावर वाचून घ्या. जुनी बॅटरी बदल्यात द्या, बिलात त्याची वजावट दिसली पाहिजे.

बसवताना बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. ट्रे गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, गंज खरवडून रंग द्या, तळाशी ३ मिलिमीटरची रबरी चटई घाला. क्लॅम्प हातोडीने ठोकू नका, खांबाच्या बुडाशी तडा जातो. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. निगेटिव्ह क्लॅम्पवर सेन्सर असेल तर दिवे आणि कॉम्प्रेसरची अर्थ वायर खांबावर न जोडता चासीवर घ्या, नाहीतर ईसीयूचा हिशोब चुकतो. शेवटी दोन्ही हातांनी बॅटरी धरून जोरात हलवा: बॅटरीबरोबर गाडी हलली पाहिजे, ट्रेमध्ये बॅटरी नाही. पहिल्या खडबडीत फेरीनंतर तोच पाना घेऊन पट्टीचे नट पुन्हा तपासा, रबर दबल्यामुळे ते हमखास अर्धा आटा सैल सापडतात.