जूनमध्ये हिरवं, नोव्हेंबरमध्ये सरपण: मोठं झाड विकत घेताना होणारी फसवणूक

पश्चिम उपनगरातल्या एका सोसायटीनं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आवारात चार मोठी झाडं लावून घेतली. दोन देवचाफे आणि दोन गुलाबी टबेबुया. पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या पट्ट्यात उन्हाळा लागताना जो गुलाबी बहर दिसतो, तीच ही टबेबुया. मुंबईत ‘बसंत रानी’ म्हणून विकली जाते. रोप लावून वर्षानुवर्षं वाट पाहण्यापेक्षा तयार झाड आणू, असं सभेत ठरलं. नर्सरीवाल्यानं तीन महिन्यांची गॅरंटी लिहून दिली. खाली एक अटही होती: झाडाभोवतीची माती उकरली तर गॅरंटी रद्द.

जुलैत चारही झाडांना पालवी फुटली. एका चाफ्याला फुलांचा घोसही आला. सप्टेंबरच्या मध्यावर गॅरंटी संपली. ऑक्टोबरची उन्हं तापली तशी टबेबुयांचे फुटवे दोन-तीन दिवसांत माना टाकून काळे पडले. दिवाळीनंतर चाफ्यांची खोडं जमिनीलगत मऊ लागायला लागली. नर्सरीवाल्याचं उत्तर ठरलेलं होतं: टबेबुयाला पाणी कमी पडलं आणि चाफ्याला जास्त झालं.

गॅरंटी संपलेलीच होती, म्हणून शेवटी खणून पाहिलं. पहिली टबेबुया दोघांनी धरून हलवली तशी अलगद वर आली. बुंध्याला नारिंगी नायलॉनचं पोतं जसंच्या तसं, सुतळीसकट. पोतं फाडल्यावर चिकट लाल मातीचं लिंपण निघालं आणि त्याच्या आत वीतभर लांबीची, अंगठ्याएवढ्या जाडीची पाच-सहा तोडलेली मुळं. टोकांना कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाचा निळसर लेप अजून दिसत होता. पांढरी, म्हणजे नवी जिवंत मुळी एकही नव्हती. चाफ्याखाली तर मुळांचा खुंटसुद्धा सापडला नाही. तळ करवतीनं सपाट कापलेला होता आणि कडेला, जिथं कूज पोचली नव्हती तिथं, करवतीच्या दातांच्या खुणा स्पष्ट होत्या. ते झाड नव्हतंच. एका जुन्या चाफ्याची मोठी फांदी उभी पुरलेली होती.

हा प्रकार मुंबईत चालतो त्याचं कारण इथली हवा. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पानांतून पाणी फारसं उडत नाही. मुळं नसलेलं खोडही साठवलेल्या अन्नावर फुटवे काढतं, आणि ते फुटवे तीन महिने हिरवे राहतात. चाफा यात सगळ्यांच्या पुढे. त्याच्या जाड फांद्यांत पाणी आणि चीक इतका साठलेला असतो की कापून सावलीत टेकवून ठेवली तरी फांदी पानं काढते, कधी फुलंही. म्हणजे जून ते सप्टेंबरची पालवी झाड लागल्याचा पुरावा धरताच येत नाही. खरी परीक्षा ऑक्टोबरमध्ये. पाऊस थांबतो, ऊन चढतं, पानं पाणी मागतात आणि खाली द्यायला कोणी नसतं. तीन महिन्यांची गॅरंटी जूनपासून मोजली की या परीक्षेच्या तोंडावर संपते. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

तेव्हा मोठं झाड घेताना पैसे मुळांचे मोजायचे. वरचं खोड आणि पाच-सहा फांद्यांचा देखणा आकार डोळ्यांत भरतो, पण किंमत आहे ती हुंडीला, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याला. जमिनीतून काढलेल्या झाडाची हुंडी खोडाच्या व्यासाच्या निदान दहापट रुंद हवी. खोड जमिनीपासून सहा इंच उंचीवर मोजायचं. चार इंचांपेक्षा जाड असेल तर फूटभर उंचीवर. चार इंच व्यासाच्या खोडाला साधारण मीटरभर रुंद आणि दोन फूट खोल हुंडी लागते. ओल्या मातीसकट तिचं वजन पाऊण टनाच्या आसपास भरतं. असं झाड हायड्राशिवाय, म्हणजे क्रेनशिवाय हलत नाही. सोसायटीच्या गेटवर टेम्पो थांबला आणि चार बिगाऱ्यांनी ‘मोठं’ झाड खांद्यावर उचलून आत आणलं, तर तिथंच समजा की मुळं नर्सरीतच राहिली. पावती, फोटो, गोड बोलणं, सगळ्यांपेक्षा ही खूण खरी.

पिशवीत वाढवलेल्या झाडाचं गणित थोडं वेगळं. मुळं तोडलेली नसतात, त्यामुळे हुंडी लहान चालते. तरी 24 इंची पिशवीत अडीच इंचांपेक्षा जाड खोड दिसलं तर शंका घ्या. एक तर झाड जमिनीतून उपटून परवा पिशवीत बसवलंय, नाहीतर वर्षानुवर्षं त्याच पिशवीत राहून मुळांनी आतल्या आत गोल वेढे घेतलेत. वेढ्यांचं झाड लगेच मरत नाही. ते चार-पाच वर्षांनी पावसाळी वाऱ्यात मुळासकट आडवं होतं, आणि खाली गाडी किंवा माणूस असू शकतो.

मापातही फसवतात. कोटेशनवर नुसतं ‘10 इंच’ लिहिलेलं असतं. तुम्ही व्यास समजता, तो घेर मोजतो. 10 इंच घेराच्या खोडाचा व्यास सव्वातीन इंचसुद्धा नसतो. उंची पिशवीच्या तळापासून मोजली जाते, म्हणजे दोन फूट वाढ फुकटची. ‘घेर इतका, जमिनीपासून इतक्या उंचीवर, उंची मातीच्या पातळीपासून, हुंडीची रुंदी आणि खोली इतकी’ असं लिहून घ्या. जिवंत झाडांवर जीएसटी शून्य आहे. खड्डा, वाहतूक, लावणी ही कामं वेगळी धरून बिल मागा. सगळं ‘लँडस्केपिंग’च्या एका ओळीत घातलं की झाडाच्या किमतीवरही कर भरला जातो, आणि भांडण झालं तर झाडाची किंमत किती होती हेच सिद्ध करता येत नाही.

झाड निवडायला नर्सरीत स्वतः जा आणि एप्रिल-मे महिन्यात जा. मुंबईला येणारी मोठी झाडं बरीचशी आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याजवळच्या उरुळी कांचनकडून येतात. पनवेल, कर्जतकडच्या नर्सऱ्यांत ती काही काळ ठेवून विकली जातात. कडियमहून ट्रकनं हजारेक किलोमीटर आलेलं झाड कालच उतरलं असेल तर ते कसं आहे हे कोणालाच सांगता येत नाही. तेच झाड कडक उन्हाळ्यात नर्सरीत दोन महिने उभं असेल आणि तरी पानं ताठ असतील, तर खाली मुळं आहेत.

तिथं खोड छातीच्या उंचीवर दोन्ही हातांनी धरा आणि पुढेमागे हलवा. मुळं धरलेली असतील तर खोड आणि हुंडी एकत्र हलतात. खोड एकटं हललं, बुंध्याशी मातीत फट पडली, तर ते झाड सोडा. मग पिशवीचा वरचा थर पाहा. जुन्या पिशवीत माती दबलेली असते, शेवाळ, बारीक तण असतं, तळाच्या भोकांतून मुळ्या डोकावतात. माती भुसभुशीत, लालबुंद, तणाचं नाव नाही, म्हणजे पिशवी ताजी भरलेली. पिशवीच्या बाजूला चाकूनं बोटभर चीर देऊ द्या म्हणावं. कडेला पांढऱ्या, लवचीक मुळ्या दिसल्या पाहिजेत. चांगला नर्सरीवाला याला नाही म्हणत नाही, उलट स्वतः दाखवतो. असे नर्सरीवाले आहेत. जमिनीतलं झाड काढण्याआधी सहा महिने ते एका अर्ध्या बाजूनं चर खणून मुळं छाटतात, तिथं तंतुमुळं फुटली की दुसरी बाजू घेतात आणि मगच झाड उचलतात. या मेहनतीचे पैसे जास्त पडतात आणि ते द्यायलाच हवेत. स्वस्त झाडात नेमकी हीच मेहनत गाळलेली असते.

फांद्यांकडेही लक्ष असू द्या. सगळा शेंडा सपाट उडवलेला आणि कापाच्या कडेनं केसांसारखे फुटवे, हे टबेबुयात फार दिसतं. मुळं कमी म्हणून वरचा भार कमी केलेला असतो. हे फुटवे सालीलगत वरवर जोडलेले असतात, मोठे झाल्यावर वाऱ्यात सालीसकट निघतात. पसंत केलेल्या झाडाला नंबर असलेलं सील बांधा, बुंध्याशी टेप धरून फोटो काढा. हे नाही केलं तर जूनमध्ये दुसरंच झाड येतं.

चाफ्याबद्दल एक सांगायला हवं. जाड फांदी लावणं ही फसवणूक नाही. चाफा फांदीपासूनच लावतात आणि तो लागतोही. फक्त ती फांदी म्हणून, फांदीच्या किमतीत विकली पाहिजे. ती लावायची उन्हाळ्यात: काप सावलीत दहा-पंधरा दिवस सुकू द्यायचा, वाळू जास्त असलेल्या मातीत उभी करायची, बांबूनं बांधायची आणि मुळ्या धरेपर्यंत पाणी अगदी कमी. ओला काप जूनच्या चिकट मातीत पुरला की बुरशी खालून चढते. सोसायटीचे दोन्ही चाफे असेच कुजले.

खड्ड्यातही लबाडी होते. मुंबईत आवाराची जमीन बहुतेक ठिकाणी भराव. फूटभर खाली राबिट (बांधकामाचा तोडफोडीचा कचरा), काँक्रीटचे तुकडे, दाबलेला मुरूम. ठेकेदार हुंडीपुरता खड्डा करतो, निघालेलं राबिट परत आत ढकलतो आणि वर सहा इंच लाल माती पसरतो. पावसाळ्यात तो खड्डा बादलीसारखा भरतो आणि चांगलं झाडसुद्धा बुडून मरतं. म्हणून लावणीच्या दोन दिवस आधी खड्डा उघडा ठेवून पाण्यानं भरा. एकदा जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला निदान इंचभर पाणी उतरलं पाहिजे. उतरत नसेल तर पहारीनं तळ फोडा किंवा जागा बदला. खड्डा हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली हुंडीएवढीच. खाली भुसभुशीत भर घातली की झाड खचतं आणि बुंधा मातीत गाडला जातो. बुंध्याचा पसरट भाग जमिनीच्या दोन बोटं वर दिसायला हवा. नायलॉनचं पोतं, तार, दोरी, सगळं खड्ड्यातच कापून बाहेर काढायचं. गोणपाट असेल तर वरून निम्मं सोडवलं तरी चालतं. माती परत भरताना शेणखत पाचवा हिस्सा, त्याहून जास्त नको. तीन बाजूंनी बांबू आणि खोडाला जुन्या ट्यूबची पट्टी. वर्षभरानं ती सोडायची. पोडियमवर, स्लॅबच्या वर लावणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर: ओली माती मीटरभर जाडीची असली तर दर चौरस मीटरला पावणेदोन ते दोन टन भार येतो.

पाऊस संपल्यावर चार इंची झाडाला आठवड्याला दीडेकशे लिटर पाणी, तीन-चार वेळांत विभागून, थेट हुंडीवर. आळं खोडापासून दूर केलं आणि हुंडी कोरडी राहिली, हे नेहमी घडतं. किती पाणी घातलं त्याची वही ठेवा, कारण ‘पाणी घातलं नाही’ हाच उद्याचा बचाव असतो. दोन उन्हाळे ही देखभाल लागते.

गॅरंटी पुढच्या मे महिन्याच्या अखेरपर्यंतची घ्या आणि चौथा हिस्सा रक्कम तोवर हाती ठेवा. ‘जिवंत’ म्हणजे काय तेही लिहा: मूळच्या फांद्यांवर पानं. बुंध्यातून आलेला एक फुटवा दाखवून झाड जगलं म्हणणारे असतात. माती न उकरण्याची अट कधीही मान्य करू नका.

कोणी म्हणालं की रिडेव्हलपमेंटच्या प्लॉटवरचं तीस वर्षांचं झाड काढून आणून देतो, तर परवानगीची प्रत आधी मागा. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडायलाच नव्हे, उचलून दुसरीकडे लावायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मुंबईत ते काम महापालिकेच्या उद्यान विभागामार्फत चालतं.

यंदाच्या जूनमध्ये झाड लावून झालं असेल आणि गॅरंटी तीन महिन्यांचीच असेल, तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नर्सरीवाल्याला लेखी बोलवा. त्याच्या समोर हुंडीच्या कडेला एकाच बाजूनं हातभर लांब, वीतभर खोल चर हातानं उकरा. हुंडीबाहेर पांढरी मुळी आलेली असेल तर माती हलकेच दाबून बंद करा. नसेल, किंवा पोत्याचं नायलॉन हाताला लागलं, तर तारखेसह फोटो काढा आणि त्याच दिवशी झाड बदलून देण्याची लेखी मागणी करा, गॅरंटी चालू असतानाच. तो आला नाही तर दोन साक्षीदारांसमोर उकरा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. मेलेलं झाड तोवर फेकू नका. निदान बुंध्याचा कापलेला तळ सावलीत, कोरडा ठेवा. करवतीच्या खुणा त्याच्यावरच असतात.