बंद पॉलिसीच्या बोनसचा फोन: नुसतं ब्लॉक करून थांबू नका

आई कराडला एकटी राहते. गेल्या वर्षी फोनवरच्या एका माणसानं तिचे साडेचोवीस हजार रुपये घेतले. त्याआधी तीन महिने तिला रोज फोन येत होते. कधी कर्ज, कधी प्लॉट, कधी क्रेडिट कार्ड. ती वैतागून सांगायची आणि मी म्हणायचे, "आई, ब्लॉक कर आणि सोडून दे." ते मला अजून टोचतं.

मग 'विमा खात्यातून' फोन आला. त्या माणसाला बाबांचं पूर्ण नाव, त्यांच्या बंद पडलेल्या पॉलिसीचा नंबर, नॉमिनी कोण, सगळं माहीत होतं. आईचा विश्वास तिथेच बसला. "काकू, पावणेदोन लाख बोनस अडकलाय, महिनाअखेरीस फाइल बंद होईल. मुलीला पैसे आल्यावरच सांगा." आधी फाइल चार्ज 9,500, दोन दिवसांनी जीएसटीचे 15,000. दोन्ही यूपीआयने, कुणा माणसाच्या खाजगी खात्यावर. तिसऱ्यांदा एनओसीचे पैसे मागितले तेव्हा तिनं मला विचारलं.

मी गेले तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या चौकोनात, तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "अर्धा लिटर. साहेबांचा फोन, 11 वा."

त्याच रात्री 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, तक्रार केली, पण आठवडा उलटला होता आणि पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. ताबडतोब कळवलं तर रक्कम वाटेत अडवता येते, म्हणून पैसे गेल्याचं कळल्याक्षणी आधी 1930 लावा, रडायचं ते नंतर. आणि विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, कधीच कुणाला बोनस वाटायला फोन करत नाही.

खरं मला सांगायचंय ते ब्लॉकबद्दल. ब्लॉक केल्यानं तो नंबर फक्त आपल्यापुरता गप्प होतो, दुसऱ्या कुणाच्या तरी आईला तो लागतच राहतो. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, 2025 च्या नियमांनुसार साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरातीचे फोन येत असतील, तर 10 दिवसांत 5 तक्रारींवरही त्या नंबरवर कारवाई सुरू होते. जाहिरातीसाठी 140 ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत. फोन आल्यापासून 7 दिवसांच्या आत, ज्या मोबाइलवर आला त्यावरूनच, 1909 ला एसएमएस करायचा: तो नंबर, तारीख आणि काय बोलला ते थोडक्यात. अशा नंबरांच्या तक्रारीसाठी आधी डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद) घेतलेलं असण्याची अटही आता नाही. तरी घ्याच, 1909 ला 'स्टार्ट 0' इंग्रजीत पाठवून. फोन फसवणुकीचा वाटला पण पैसे गेले नसतील, तर सरकारच्या संचार साथी वेबसाइटवरच्या 'चक्षू'वर कळवा.

आमचे पैसे अजून परत आलेले नाहीत. आई आता त्याच चौकोनात दुधाखाली फोन आलेले नंबर लिहिते आणि संध्याकाळी चष्मा लावून एकेक 1909 ला पाठवते.