घर सोडायचंय, पण शेरूला कुठं ठेवायचं? माहेर, मैत्रीण, बोर्डिंग आणि शेळ्यांसाठी अर्धल

मारहाणीतून बाहेर पडायचं पक्कं झालं तरी कितीतरी बाया एका कुत्र्यापायी नाहीतर दोन शेळ्यांपायी अडकून राहतात, कारण "तू गेलीस की याला विहिरीत टाकतो" ही धमकी नुसती तोंडची नसते हे त्यांना चांगलं माहीत असतं. सखी वन स्टॉप सेंटरला, म्हणजे मारहाण झालेल्या बायांसाठीच्या सरकारी केंद्राला, लहान लेकरं सोबत नेता येतात, पण कुत्र्या-मांजराची सोय त्या योजनेत नाही, आणि तिथलं राहणंही साधारण ५ दिवसांचं. म्हणून जनावराचं आधी बघावं लागतं. आपल्याकडं लातूर-नांदेड-बीडच्या बाजूला जे खरंच हाताशी आहे तेवढंच धरून सांगायलेय.

पहिलं डोक्यात येतं ते माहेर. पैसे लागत नाहीत, आईला शेरूची सवय, भाकरी-दुधाची चिंता नाही. पण नवरा सगळ्यात आधी गाडी कुठं वळवणार, तिथंच ना. वरून कुणीतरी मामा-काका मध्ये पडून "देऊन टाका की त्यांचं कुत्रं त्यांना, उगं कशाला वाढवता" म्हणतो आणि शेरू परत त्याच दारात. त्यामुळं माझं मत साफ आहे, सोय कमी असली तरी चालेल पण जागा त्याला न सुचणारी पाहिजे. या हिशोबानं मैत्रीण बरी, तीही अशी की जिचं नाव त्यानं ऐकलेलं नाही, ऑफिसातली, बचत गटातली, दुसऱ्या तालुक्यातली. फक्त तिच्या घरच्यांना अर्धवट नाही, खरं काय ते सांगा, कारण राग त्यांच्या दारापर्यंतही येऊ शकतो. कुत्रं भुंकलं की गल्लीत चौकशी होतेच. मांजराचं उलटं, आवाज नाही पण नव्या घरातून ते पहिल्या काही दिवसांतच सटकतं, सुरुवातीला एका बंद खोलीत ठेवायला सांगा, सोबत त्याची रोजची चादर द्या.

बोर्डिंग संभाजीनगरसारख्या मोठ्या शहरात मिळतं, तालुक्याला शोधत बसू नका. दिवसाला काहीशे रुपये म्हणजे आठवडाभर ठीक, महिना-दोन महिने बहुतेकींना झेपत नाही. पण ठेवणारा माणूस अनोळखी असतो, नातंगोतं मध्ये येत नाही, हा मोठा फायदा. गंमत अशी की ठिकाण फुटतं ते इथंच. बोर्डिंगवाले कुत्र्यांचे रील टाकतात, त्यात तुमचा शेरू जीभ काढून हसतोय आणि खाली दुकानाचं नाव, झालं. पैसे जॉइंट खात्यातून गेले तर मेसेज त्याच्या मोबाईलवर. आणि सगळे विसरतात ते लसीचं, दवाखान्यात नंबर नवऱ्याचा दिलेला असतो, डॉक्टरांनी पुढच्या डोसची आठवण पाठवली की कुत्रं कोणत्या गावात आहे ते त्याला घरबसल्या कळतं. आधी नंबर बदलून घ्या, पट्ट्यावरचा नंबर काढा, रेबीजच्या लसीचं कार्ड मात्र सोबत घ्याच, त्याशिवाय बोर्डिंगवाले सहसा घेत नाहीत.

प्राणीमित्रांच्या ग्रुपमधून एखाद्या घरी तात्पुरतं ठेवणं हा या सगळ्यांत मला पटलेला मार्ग. इंग्लंडात डॉग्ज ट्रस्ट ही संस्था २००४ पासून फ्रीडम नावाची योजना नेमकी याचसाठी चालवते, कुत्रं कुणाच्या घरी आहे ते गुपित ठेवतात, खुशाली तेवढी कळवतात. हे आपल्याला उचलता येण्यासारखं आहे, मधल्या एका माणसाला ठेवणाऱ्याचं घर माहीत, तुम्हाला नाही, मग धमकावूनही तुमच्याकडून पत्ता निघत नाही. ग्रुपवर सगळी कहाणी टाकायची नाही, "घरची अडचण, दोन महिने" एवढं बास. आणि दोन महिने म्हणजे कधीपर्यंत ते मेसेजमध्ये तारखेसकट लिहा, खाण्याचा खर्च कोण करणार तेही, नाहीतर ठेवणाऱ्याचा जीव जडतो आणि नंतर वाद.

शेळ्या-गाईंना हे काहीच लागू होत नाही. तिथं अर्धल. दुसऱ्या गावातली विश्वासाची बाई शेळी सांभाळते, पिल्लं निम्मी तिची निम्मी तुमची, म्हणजे सांभाळायचे पैसे द्यावे लागत नाहीत आणि शेळी तुमचीच राहते. बोर्डिंगपेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं, फक्त तोंडी ठेवू नका. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर फोटो काढून ठेवा आणि नोंद कुणाच्या नावावर आहे ते सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, कारण राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. नोंद नवऱ्याच्या नावावर असेल तर शेळी हलवायच्या आधी संरक्षण अधिकाऱ्याशी (कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली बायांना मदत करणारा सरकारी अधिकारी) बोला, नाहीतर तो उलट चोरीची तक्रार घेऊन ठाण्यात जाईल.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात पाळीव जनावराचं नाव कुठंच नाही. पण स्त्रीधन आणि मालमत्ता परस्पर विकायला मनाई करणारा आदेश कलम १८ खाली मागता येतो, माहेरानं दिलेली गाय-शेळी त्यात लिहायला लावा. जनावराला जीवे मारलं, विष घातलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा. धमकीच्या व्हॉइस नोट पुसू नका, दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. महिलांसाठी १८१, लगेच धोका असेल तर ११२, आणि जनावर आजारी पडलं तर १९६२, पण १९६२ ला फोन करताना जुन्या घरचा पत्ता सांगू नका, आणि नंबरही नवाच द्या.